अडीचशे पौंड, पण कुठे?

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या प्रगतीचे टप्पे साधारण ठरलेले असतात. आधी कुणीतरी भारतात परत जाताना विकलेली जुनी कोरोला, मग लग्न, मग मिनिव्हॅन, मग मागच्या अंगणात एका कोपऱ्यात तुळस आणि दुसऱ्या कोपऱ्यात बार्बेक्यू. आमच्या मंडळातल्या दादांनी (सख्खे नव्हेत, पण माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून दादा) याच्या पुढचा टप्पा गाठला. आधी पिकअप ट्रक घेतला आणि मग त्याच्या मागे ओढायला एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं. फक्त इंजिन नाही. ट्रकच्या मागे एक स्टीलचा गोळा असतो, त्यावर ट्रेलरची मान अडकवायची आणि ओढत न्यायचं. मधोमध जवळजवळ असलेल्या दोन अॅक्सल, म्हणजे चार चाकं, एवढ्यावर सगळा संसार तोललेला. चाकांच्या मागेही दहा-अकरा फूट घर लोंबतच असतं, आणि लोकांना रॅक बसवायचा असतो तो नेमका त्याच्याही मागे.

दादांचा बेत होता डॅलसहून पालो ड्युरो कॅन्यनला जायचा. टेक्ससच्या पॅनहँडलमध्ये, अॅमरिलोजवळ. दादा, वहिनी, दोन मुलं आणि चार सायकली. शिवाय जनरेटर, शिवाय पेट्रोलचा कॅन. ट्रेलरच्या आत सायकली ठेवायला वहिनींचा ठाम नकार (योग्यच आहे, चिखलाचे टायर गादीवर कोण ठेवील). म्हणून एका शनिवारी सकाळी दादांचा फोन.

"अरे, मागे रॅक बसवायचाय. तीनशे पौंडाचा घेऊ की पाचशेचा?"

आता गंमत बघा. प्रश्न अगदी सरळ आहे आणि दुकानात उत्तरही सरळ मिळतं : पाचशेचा घ्या, काळजी मिटली. पण रॅकवर लिहिलेला पाचशेचा आकडा फक्त रॅकबद्दल बोलतो. तो ज्याला लावायचा त्या बंपरबद्दल बोलत नाही, आणि ट्रेलर रस्त्यावर कसा चालेल याबद्दल तर अजिबातच नाही.

आधी बंपर. ट्रेलरचा मागचा बंपर ही फार फसवी वस्तू आहे. चार इंच बाय चार इंचाचा चौकोनी स्टीलचा पाइप, दिसायला दणकट. प्रत्यक्षात पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची झाकणं असतात आणि आत लोक सांडपाण्याचा लवचिक पाइप कोंबून ठेवतात. त्याचं खरं काम तेवढंच, आणि फार तर स्टेपनी धरायची. बऱ्याच ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की स्टेपनीशिवाय या बंपरला काहीही लटकवू नका. तसंच सायकल रॅकच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की हा ट्रेलरच्या मागे वापरू नका. ही दोन्ही पुस्तकं वाचणारा माणूस मात्र मला अजून भेटायचाय.

कारण साधं आहे. रॅकवरचं वजन बंपरच्या बरोबर खाली नसतं, दीड-दोन फूट मागे असतं. त्यामुळे ते बंपरला नुसतं दाबत नाही, पिळतं. अडीचशे पौंड दोन फुटांवर म्हणजे पाचशे फूट-पौंडाचा पीळ, आणि तोही गाडी उभी असताना. बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरला पाट्यांच्या स्प्रिंग असतात, शॉक अॅब्झॉर्बर नसतात. खड्डा आला की चाकांमागचं शेपूट मोकळेपणाने उसळतं आणि तो पीळ क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. एका प्रवासात असं हजारो वेळा. वेल्ड एका दणक्यात तुटत नाही, वाकवून वाकवून तार तुटते तसं तुटतं.

दुपारी दादांकडे गेलो, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली झोपलो. डाव्या बाजूला, जिथे बंपर फ्रेमला जोडलाय, तिथे वेल्डमध्ये केसाएवढी भेग होती आणि भेगेतून गंजाचा तांबडा ओघळ. अजून रॅक लागायचा होता. हे नुसत्या स्टेपनीचं काम! दादा पण वाकून बघून आले आणि पुढची पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ठीक आहे, बंपर सोडू. फ्रेमलाच पक्कं बसवू. मग तर झालं?"

अर्धं झालं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मी कॉम्प्युटरवाला. पण आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना मेकॅनिक्स असतं आणि "टेक मोमेंट्स अबाऊट ए" हे वाक्य झोपेतही आठवतं. कोडिंग करून पोट भरणाऱ्या माणसाला ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ते इथे पडलं.

ट्रेलरचं सगळं वजन चाकांवर नसतं. थोडं पुढे ट्रकच्या गोळ्यावर येतं, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असा दंडक आहे. दादांनी गाडी घेतल्यावर लगेच वजन करून आणलं होतं (याबद्दल त्यांना पूर्ण मार्क). सामानासकट ट्रेलर ५,४०० पौंड, टंग वेट ६४०. म्हणजे जवळपास १२ टक्के. उत्तम.

आता रॅक. चार सायकली ११० पौंड (मुलांच्या लहान आहेत), जनरेटर ५०, पेट्रोल ३०, रॅक स्वतः ६०. एकूण २५०. टेप घेऊन मोजलं : गोळ्यापासून दोन अॅक्सलच्या मध्यापर्यंत १६ फूट, आणि त्या मध्यापासून रॅकवरच्या सामानापर्यंत १२ फूट. सी-सॉच आहे हा. मागे २५० ठेवले की पुढून २५० गुणिले १२ भागिले १६, म्हणजे १८८ पौंड उचलले जाणार. टंग वेट ६४० वरून ४५२. एकूण वजन ५,६५०. टक्के आठ.

आणि चाकांवर? ठेवले अडीचशे, वाढले २५० अधिक १८८, म्हणजे ४३८. पुढून जे उचललं गेलं तेही चाकांच्याच माथी.

यातली खरी मेख अशी की बाकी सगळ्या मर्यादा पास होतात. ट्रेलरचं कमाल वजन ६,५०० पौंड, आपण ५,६५० वर. अॅक्सलची क्षमता पुरेशी, टायरची पुरेशी, रॅक तर पाचशेचा. ज्या ज्या स्टिकरवर आकडा लिहिलाय तो तो आकडा म्हणतो चालेल. चुकतो तो एकच, आणि त्याचा उल्लेख रॅकच्या खोक्यावर कुठेही नसतो.

"सगळे लावतात रे," दादा म्हणाले. लावतात हे खरंच आहे. पण हायवेवर आपल्याला दुसऱ्याचा रॅक दिसतो, त्याचं टंग वेट दिसत नाही. त्याचा ट्रेलर तीस फुटी असेल, पुढे जड असेल, मागे नुसत्या दोन सायकली असतील. तेवढ्यावरून आपला अंदाज बांधायचा नाही.

टंग वेट कमी झालं तर होतं काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन चाकांची बैलगाडी म्हणजे हुबेहूब हेच यंत्र. पोती मागे जास्त पडली की गाडी उलाळ होते. मागचा भाग खाली जातो, जू वर उचललं जातं आणि जुपणी बैलाच्या गळ्याला खालून आवळते. म्हणून भरताना पोती पुढे सरकवून मानेवर बेताचा भार ठेवतात, फार पुढे गेलं तर मानेला गळवं होतात. कुणी टक्केवारी काढत नाही, जू हाताने उचलून बघतात. दादांचं बालपण पुण्यात सदाशिव पेठेत गेल्यामुळे हे उदाहरण जरा वाया गेलं, पण वहिनी सांगलीकडच्या आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, म्हणजे गाडी उलाळ होतीये."

फरक इतकाच की बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते आणि ट्रेलर साठ मैलांनी. त्या वेगात उलाळ गाडी नुसती वर उचलत नाही, शेपूट हलवायला लागते. शेजारून मोठा ट्रक गेला, किंवा बाजूचा वारा आला, की ट्रेलर गोळ्याभोवती थोडा डावीकडे-उजवीकडे झुलतो. वजन पुढे असेल तर टायर त्याला पुन्हा सरळ आणतात आणि दोन-तीन हेलकाव्यांत प्रकरण मिटतं. वजन मागे असेल तर एका ठरावीक वेगाच्या वर उलटं घडतं. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर ट्रकलाही घेऊन आडवा होतो. ट्रेडमिलवर ठेवलेल्या खेळण्यातल्या ट्रेलरचा एक व्हिडिओ आहे, वजन पुढे-मागे सरकवून दाखवतात. मी तो दादांना दाखवला. मुलांना दाखवू नका असं वहिनी म्हणाल्या, कारण त्या ट्रकच्या मागच्या सीटवर मुलंच बसणार होती. आणि अॅमरिलोकडे जाणारा २८७ नंबरचा हायवे विचिटा फॉल्सच्या पुढे सपाट, उघडा आणि वाऱ्याचा. आडोसा म्हणून झाडसुद्धा नाही.

(जाता जाता : असं झुलणं सुरू झालंच तर ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. तो खटका अंधारातही सापडला पाहिजे.)

दादाही इंजिनिअर आहेत, तेही मेकॅनिकलचे, त्यामुळे ते सहज हार मानणार नव्हते. त्यांनी तोडगा काढला. "पुढच्या कप्प्यात वाळूच्या पिशव्या टाकू. मागे जेवढं वाढलं तेवढं पुढे वाढवू. बॅलन्स!"

कागदावर टंग वेट बरोबर येतं. पण हे म्हणजे टेस्ट पास व्हावी म्हणून टेस्टमधलाच आकडा बदलण्यासारखं झालं. ट्रेलर झुलायला लागला की त्याला थांबवायचं किती जड जाईल हे नुसत्या वजनावर नाही, वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. अॅक्सलपासून तीन फुटांवर ठेवलेल्या अडीचशे पौंडांपेक्षा बारा फुटांवरचे अडीचशे पौंड सोळा पट त्रास देतात. अंतर चौपट, त्रास सोळापट. आणि वर्ग घेतल्यावर पुढे काय आणि मागे काय, दोन्हीकडचं अधिकच होतं. मागे रॅक आणि पुढे वाळू म्हणजे ट्रेलरचं डंबेल झालं. एकदा फिरायला लागलं की थांबायला नको म्हणतं.

"मग तो महागडा हिच घेतलाय त्याचं काय?" वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणजे जाड स्प्रिंगच्या दांड्या लावलेलं जोडकाम. ते चांगलंच असतं, ट्रकचं मागचं बूड बसू देत नाही. पण ते असलेलं टंग वेट पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देतं, नसलेलं निर्माण करत नाही. झुलणं आवरणारं घर्षण त्यात असतं, ते मदत करतं. पण चुकीचं भरलेलं सामान त्याने बरोबर होत नाही.

इथे चहा झाला आणि खरा तोडगा वहिनींनी काढला. त्यांनी कॅम्पसाइटच्या बुकिंगचा ईमेल उघडला आणि विचारलं, "तिथे वीज आणि पाणी दोन्ही आहे. जनरेटर कशाला नेतोय आपण?"

शांतता.

जनरेटर आणि पेट्रोल घरी राहिलं. ऐंशी पौंड गेले. शिवाय पेट्रोलचा कॅन गाडीच्या सर्वांत मागच्या टोकाला, म्हणजे मागून कुणी धडकलं तर पहिला मार खाणाऱ्या जागी लावायचा, हा विचारच मला पटत नव्हता. मुलांच्या दोन सायकली ट्रकच्या हौद्यात आडव्या बसल्या. ट्रकचाही हिशेब केला, कारण टंग वेट आणि माणसं दोन्ही त्याच्याच पेलोडमध्ये मोजतात. दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर १,५०० होते. चौघं मिळून ४५०, टंग वेट आणि हिच मिळून सातशेच्या आत, उरले साडेतीनशे. पुरे.

उरल्या मोठ्या दोन सायकली. त्यांच्यासाठी छोटा, ट्रेलरच्या मागे लावायला चालतो असं उत्पादकाने लेखी म्हटलेला रॅक. तो बंपरला लावायचा नाही. फ्रेमच्या दोन्ही लांब आय-बीमना जोडणारी आडवी स्टीलची पट्टी, तिच्या मधोमध दोन इंची चौकोनी रिसीव्हर. हे काम ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. भेग पडलेला बंपरही त्याच्याचकडून पुन्हा वेल्ड करून घेतला. भोकं कुठे पाडायची हे मात्र दादांनी उभं राहून सांगितलं : आय-बीमच्या उभ्या पत्र्यात, उंचीच्या मध्याजवळ. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. बीम वाकताना सगळा ताण त्या पट्ट्या घेतात, मध्यावर ताण जवळजवळ शून्य. त्याच कारणाने खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंगही नको. बोल्ट ग्रेड ८ चे. डोक्यावर सहा रेघा असतात, पाचच्या ग्रेडला तीन. मोजून घेतले.

नवा हिशेब : रॅक आणि ती पट्टी मिळून ६०, सायकली ६०. टंग वेट ९० ने कमी, म्हणजे ५५०. एकूण ५,५२०. दहा टक्क्यांच्या जेमतेम खाली. मग ट्रेलरच्या मागच्या स्वयंपाकघरातलं जड सामान बाहेर काढलं : बिडाचा तवा, मोठा कुकर, कणकेचं पोतं, चाकांखाली घालायचे ठोकळे. साठेक पौंड भरले. ते अॅक्सलच्या आठ फूट मागे होते, ट्रकच्या हौद्यात गेले. टंग वेट ५८०, एकूण ५,४६०, टक्के १०.६.

हिशेब तो हिशेब. म्हणून रविवारी सकाळी हायवेवरच्या ट्रक स्टॉपला गेलो, तिथे कॅट स्केल असतो. पंधराएक डॉलर लागतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्या पाट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. हिचच्या दांड्या सोडून वजन घ्यायचं, नाहीतर त्या थोडा भार मागे ढकलतात आणि आकडा फसवतो. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक परत चढवायचा. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे टंग वेट. आला ५६०. एकूण ट्रेलर ५,४८०. काटा २० पौंडांच्या टप्प्यात मोजतो, त्यामुळे एवढा फरक मान्य. १०.२ टक्के.

दादा खूश. पण घरी येताना माझ्या डोक्यात स्वयंपाकघराचं सिंक घोळत होतं. सांडपाण्याची टाकी कुठे आहे? सिंकच्या खाली, म्हणजे मागे, अॅक्सलपासून सहा फुटांवर. तीस गॅलनची. गॅलनला ८.३४ पौंड धरले तर भरलेली टाकी अडीचशे पौंड. पुढून ९४ पौंड उचलणार. टंग वेट ४६६, एकूण ५,७३०, टक्के ८.१. जिथून सुरुवात केली होती नेमके तिथेच! चार दिवस भांडी घासून टाकी भरली की परतीच्या वाटेवर ट्रेलर जाताना होता तो राहतच नाही.

ट्रेलरच्या आतल्या दारावर आता वहिनींच्या अक्षरात एक यादी चिकटवली आहे. निघण्याआधी सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या. रॅकचे बोल्ट पहिल्या ५० मैलांनंतर थांबून पान्याने तपासायचे. रिसीव्हरमधला खुळखुळा काढणारा क्लॅम्प आवळायचा, कारण मोकळा रॅक प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखा आपटतो. सायकलींनी नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकलेले नाहीत ना, हे एकाने मागे उभं राहून बघायचं आणि दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. पेट्रोल पंपाच्या उतारावर तिरकं वळायचं नाही, रॅक जमिनीला घासतो. वेग ६०.

गेले, आले. पालो ड्युरोमध्ये खाली उतरणारा रस्ता चांगलाच तीव्र आहे, तिथे त्यांनी खालच्या गियरमध्ये निवांत उतरवलं. जाताना वारा होता, ट्रक ओव्हरटेक करून जायचे तेव्हा ट्रेलर एकदा मान हलवायचा आणि गप्प बसायचा. परतीच्या सकाळी डंप स्टेशनवर लांब रांग होती. मुलं कुरकुरत होती, पुढचा माणूस "घरी जाऊन करा की" म्हणत होता. दादा पाऊण तास रांगेत थांबले आणि टाक्या रिकाम्या करूनच निघाले.

आता त्यांना ट्रेलरच्या छतावर कयाक बांधायची आहे. परवा फोन आला होता. मी म्हटलं, आधी वजन सांगा आणि उंची सांगा, मग बोलू :)